भोवऱ्यावरचं आडवं बल

ज्या द्रवापायी मी ऐन तारुण्याची वर्षं घालवली, तो द्रव मी आजतागायत डोळ्यांनी पाहिलेला नाही. द्रवरूप हेलियम. सोलापुरात तेव्हा थंड म्हणून जे काही मिळायचं ते म्हणजे रसाच्या गाड्यावरचा बर्फ आणि माठातलं पाणी. मे महिन्यात आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत टेबलाला हात लावला तरी चटका बसायचा. त्याच टेबलावर कोपरं टेकून आम्ही दोघं निरपेक्ष शून्याच्या जेमतेम दोन अंश वरच्या थंडीचं गणित करत बसायचो. प्यून विचारायचा, "बाई, एवढा घाम गाळून काय लिहितायसा?" मी म्हणायचे, "थंडीबद्दल." त्याला वाटायचं मी त्याची चेष्टा करते. एरवी करायचेच, पण तेव्हा नाही.

दोघं म्हणजे मी आणि माझ्याबरोबरच फिजिक्सला लेक्चरर म्हणून लागलेला एक मुलगा. सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. मी होटगी जंक्शनच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. वडील सिग्नलच्या केबिनमध्ये लिव्हर ओढायचे. आई मी शाळेत असतानाच गेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. तो सोलापूरच्या पूर्व भागातला, तेलुगू विणकरांच्या घरचा. त्याचे वडील तो लहान असतानाच गेलेले, मामानं त्याला आणि त्याच्या आईला आपल्या घरी आणलेलं. घराच्या पुढच्या बाजूला मामाचे माग, मागच्या अंगणात सूत रंगवायचं काम. तो घरात तेलुगू बोलायचा, गल्लीत दखनी उर्दू, वर्गात मराठी आणि मध्येमध्ये इंग्रजी. गणित अडलं की मात्र तोंडातल्या तोंडात तेलुगूच पुटपुटायचा. मला त्यातलं अवाक्षर कळायचं नाही, पण तो कुठे अडलाय ते आवाजावरून कळायचं.

मला त्याच्याशी लग्न करायचं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या वेळच्या बायका अशी गोष्ट सांगताना फार वळणं घेतात आणि मला त्याचा राग येतो. मला तो आवडायचा आणि त्याला मी. अडचण आमच्या दोघांत नव्हतीच, अडचण होटगी आणि पूर्व भाग यांच्या मध्ये होती.

स्टाफरूममध्ये आम्ही एकमेकांना 'तुम्ही' म्हणायचो. प्रयोगशाळेचं दार ओलांडलं की 'तू'. दार सताड उघडंच असायचं, ते बंद करायची आमची हिंमत नव्हती.

आमचा प्रश्न काय होता ते सांगते. कंटाळा आला तर मला बोल लावा, पण वाचा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बादलीतलं पाणी ढवळलं की भोवरा होतो आणि थोड्या वेळानं विरतो. पाणी पाण्याला घासतं म्हणून विरतो. हेलियम अतिशय थंड केला की त्याला हे घासणंच उरत नाही. तो अतिप्रवाही होतो, आणि त्यात उठलेला भोवरा फिरतच राहतो. आणि त्या भोवऱ्याची एक खोड असते. त्याला पुढे ढकलावं तर तो पुढे जात नाही, आडवा जातो. ढकलणाऱ्याच्या काटकोनात. यावर कुणाचं दुमत नव्हतं. वाद होता तो पुढचा. इतक्या थंडीतही थोडी उष्णता शिल्लक असते, आणि ती असते बारीक ध्वनिलहरींच्या रूपात. या लहरी भोवऱ्याजवळून जातात तेव्हा एका अंगाला त्यांना प्रवाहाची साथ मिळते, दुसऱ्या अंगाला प्रवाह अंगावर येतो. मग या लहरीही भोवऱ्याला आडवं ढकलतात का? आणि ढकलत असतील तर कुठल्या बाजूला, डावीकडे की उजवीकडे? परदेशातल्या मोठमोठ्या लोकांत यावर मतभेद होते. त्यांचे शोधनिबंध आम्हाला बंगलोरच्या एका ओळखीच्या संशोधकाकडून पोस्टानं मिळायचे, शिळे होऊन. सोलापुरातल्या दोन नवख्या लेक्चररांनी त्यात तोंड घालायचं काही कारण नव्हतं. पण त्या कामाला लागत होते ते फक्त कागद, शाई आणि चिकाटी. हेलियम लागत नव्हता.

वर्गात हे शिकवता येत नसे, पण त्याचा धाकटा भाऊ शोभेल असा एक प्रयोग आम्ही पोरांना दाखवायचो. कागदाची हलकी पोकळ नळी घ्यायची, तिच्याभोवती सूत गुंडाळायचं आणि टेबलावरून झटक्यात ओढायचं. नळी ओढली जाते पुढे, पण गरगर फिरत उचलली जाते वर. पोरं टाळ्या वाजवायची. सूत त्याच्या घरचं असायचं, कधी लाल, कधी गर्द निळं. माझ्या बोटांना त्याचा रंग लागायचा आणि होटगीला पोचेपर्यंत तो मी धूत नसे.

त्याच्या घरी मी एकदाच गेले. रविवार होता. अंगणात सूत खळबळायचा सिमेंटचा हौद होता. त्यानं एक ताटली पाण्यात अर्धी बुडवली, थोडी पुढे ओढली आणि अलगद काढून घेतली. पाण्यावर दोन लहान खळगे उठले आणि जोडीजोडीनं पुढे चालू लागले. "बघ की, एकटा असला की जागचा हलत नाही. दोघं असले की एकमेकाला ढकलत जातेत," तो म्हणाला. ते दोन भोवरे हौदाच्या भिंतीपर्यंत सोबत गेले आणि तिथे फुटून एक डावीकडे गेला, दुसरा उजवीकडे. त्याची आई पायरीवर बसून बघत होती. ती तेलुगूत काहीतरी म्हणाली, तो हसला. मामाची मुलगी ओसरीत चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. तिनं उठून मला तांब्याभर पाणी आणून दिलं आणि माझ्या साडीचा काठ बघून, छान आहे म्हणाली. मला ती आवडली. सतरा-अठराची असेल. तेव्हा माझ्या मनात काही आलं नाही.

आता आमच्या कामाच्या पद्धतीबद्दल. सुरुवातीला आम्ही शेजारी बसून एकाच कागदावर गणित करायचो. त्यात एकदा आम्ही महिनाभराचं काम मातीत घातलं. अगदी सुरुवातीला त्याच्याकडून एक दोनचा आकडा गळला होता. मला तो जागेवर खटकला होता, पण त्याच्याकडे बघितलं आणि वाटलं, तो म्हणतोय म्हणजे बरोबरच असेल. पुढे कळलं, त्यालाही खटकला होता, पण मी काही बोलले नाही म्हणून त्यानं तो तसाच ठेवला. एकमेकांचं मन राखण्यात गणित गेलं. त्या दिवशी मी इतकी चिडले की खडूचा डबा आपटून फोडला. मग आम्ही नियम केला. दोघांनी आपापल्या घरी, आपापल्या रीतीनं गणित करायचं. दोघांचं पूर्ण होईपर्यंत उत्तराबद्दल चकार शब्द काढायचा नाही. दुसऱ्याचं उत्तर बघून आपलं बदलायचं नाही. पूर्ण झालं की एकाच वेळी कागद उघडायचे. हा नियम आम्ही देवाच्या शपथेसारखा पाळला. त्याची रीत वेगळी होती, तो लांबलचक मालिका मांडून एकेक पद सोडवायचा. मी भोवऱ्याभोवती मोठं वर्तुळ कल्पून त्यात संवेग किती शिरला आणि किती बाहेर पडला ते मोजायची. उत्तर जुळलं तर खरं मानायचं.

माझी एक खोड त्याला पाठ झाली होती. मी मुळात तिखट. सरळ बोलायचं सोडून फटकारायची सवय. पण माझं गणित बिघडलं, नको ते उत्तर आलं, की मी कागद आणायचीच नाही. गुपचूप पुन्हा करत बसायची आणि तोवर त्याच्याशी अगदी साखर पेरल्यागत वागायची. चहा विचारायची, त्याच्या आईची तब्येत विचारायची. तो म्हणायचा, "तू गोड बोलायलीस म्हणजे समजायचं, तुझं उत्तर उणे आलंय." आणि ते दर वेळी खरं असायचं.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता. आडव्या बलाचं शेवटचं गणित दोघांनीही सुट्टीत पुरं करायचं ठरलं होतं. गिरणीचा भोंगा झाला, मी पिशवी उचलली, आणि तो फळ्याकडे तोंड करून म्हणाला, "घरी पण विचारू या का?"

काय विचारायचं ते मी विचारलं नाही. "विचारू या," म्हणाले.

"नेहमीसारखंच करू," तो म्हणाला. "तू तुझ्या घरी विचार, मी माझ्या घरी. दोन्हीकडचं होईपर्यंत बोलायचं नाही. नाहीतर काय होतंय, तुझ्या घरचं नाही आलं की मी माझ्या घरी जोरच लावणार नाही."

मला ते फार शहाणपणाचं वाटलं. सांगायलाही लाज वाटते, पण मला त्यात एक प्रकारचा प्रणयसुद्धा वाटला. दुसरी पोरं-पोरी सिनेमाला जायची, आम्ही नियम पाळायचो. जगातल्या कुठल्याही जोडप्यानं अशा वेळी आधी एकमेकांना विचारलं असतं की तुझ्या घरचं काय, आणि मग दोघांनी मिळून काय ते केलं असतं. आम्हाला तेच नेमकं चूक वाटलं. इतकी वर्षं झाली तरी त्या दुपारची आठवण आली की मला ओरडावंसं वाटतं.

मी वडिलांना पाडव्याच्या दिवशी सांगितलं. ते भाकरी मोडत होते, मोडायचे थांबले. "कोण लोकं म्हनलीस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "घरात कानडी बोलत्यात का तेलगू?" "तेलुगू." त्यांनी भाकरी संपवली, हात धुतला आणि ड्यूटीवर गेले. त्यानंतर त्यांनी तो विषयच काढला नाही. रागावलेही नाहीत. रागावले असते तर मी भांडले असते, भांडण मला येतं. ते गप्प राहिले आणि गप्प माणसाशी कसं भांडायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

कॉलेज सुरू झालं. माझं गणित तयार होतं, वर्तुळ पुरं झालं होतं, बल मिळालं होतं, चिन्हही मिळालं होतं. पण घरचं उत्तर नव्हतं, आणि दोन्ही गोष्टी एकदम उघडायच्या असं माझ्या डोक्यात बसलेलं. म्हणून मी कागदही आणले नाहीत. त्याला भेटले की तोंडातून आपोआप मऊ शब्द यायचे. वडील नाही म्हणाले नाहीत याचाच मला केवढा आनंद होता. त्यांना मी ओळखत होते. नाही म्हणायचं असतं तर पहिल्याच दिवशी म्हणाले असते. इतका विचार करतायत म्हणजे वाट काढतायत. या आशेवर मी त्या दिवसांत जगातल्या सगळ्यांशी चांगली वागत होते. प्यूनला कधी नाही ते त्याच्या मुलांची नावं विचारली. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, त्याला तर मी डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी अर्धी काढून द्यायची, आणि त्याची आई कशी आहे ते विचारायची.

तो चटणी खायचा आणि माझ्याकडे बघत राहायचा. मला वाटायचं, प्रेमानं बघतोय. प्रेमानं बघतच होता तो. पण त्या बघण्यात आणखी काय होतं ते मला पुढे कळलं.

मग वडील रजा टाकून जेऊरला गेले, थोरल्या भावाकडे. आमच्या घराण्यात चुलत्यांना विचारल्याशिवाय बैलसुद्धा घेत नसत. तिकडे काय झालं ते मला त्यांनी परत आल्यावर सांगितलं, तेही थोडक्यात. चुलते म्हणाले, असं लग्न केलंस तर तुझा माझा संबंध संपला, आणि वडील म्हणाले, बरं. आयुष्यात थोरल्या भावापुढे मान वर न केलेला माणूस 'बरं' एवढंच म्हणाला, आणि पुढ्यातलं पाणीही न पिता स्टेशनवर येऊन बसला.

हे सगळं त्यांनी मला सोमवारी पहाटे सांगितलं, मी चूल पेटवत असताना. वर म्हणाले, "बोलीव त्या पोराला. रविवारी जेवाय बोलीव. मटण खातो का?"

मी म्हणाले, "खातो."

"मग झालं की," ते म्हणाले. खुंटीवरचा सदरा हातात घेऊन उगाच बघू लागले. "ह्याला इस्त्री करून आन येताना. भोक-बिक न्हाय न्हवं कुटं?"

त्या सकाळच्या गाडीत मी कशी बसले असेन याची कल्पना करा. होटगी ते सोलापूर केवढंसं अंतर, पण ते सरेना. पिशवीत वडिलांचा सदरा होता आणि माझी गणिताची पानं होती. दोन्ही उत्तरं घेऊन मी निघाले होते.

स्टाफरूममध्ये प्यून पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता. "घ्या बाई, दोन घ्या. सरांचा साखरपुडा झाला गुरुवारी. मामाचीच पोरगी."

मी दोन घेतले. एक खाल्लासुद्धा. माणूस अशा वेळी काय करतो ते आधी सांगता येत नाही. मी पेढा खाल्ला आणि पहिला तास घेतला. काचेच्या लोलकातून प्रकाश कसा वाकतो ते शिकवलं. पोरांना काही वेगळं जाणवलं नसावं.

दुपारी तो प्रयोगशाळेत आला. हातात त्याची पानं होती. दाढी नीट केलेली नव्हती. मग तो म्हणाला, "गणित तरी उघडू या." मी पिशवीतून पानं काढली. सदरा बाहेर येऊ लागला तो परत आत कोंबला.

आम्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. बल दोघांचंही तेवढंच आलं होतं, अक्षर न अक्षर तेच. फक्त चिन्ह उलटं. त्याचं अधिक, माझं उणे. त्याचं भोवऱ्याच्या उजवीकडे, माझं डावीकडे.

"एकाचं चुकलंय," तो म्हणाला.

मला त्या क्षणी काहीतरी करायला मिळालं म्हणून मी त्यावर तुटून पडले. त्याची मालिका पहिल्या पानापासून वाचत गेले. तो माझं वर्तुळ तपासत होता. बाहेर पोरांचा गलका, मग तो शांत झाला. चूक सापडेना. त्याचं एकेक पद बरोबर होतं. तोही मान हलवत होता, माझ्यातही काही सापडत नव्हतं. शेवटी त्याच्या अगदी शेवटच्या ओळीवर मी बोट ठेवलं.

"हे बल कुणावरचं?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"लहरींवरचं का भोवऱ्यावरचं?"

त्यानं ती ओळ पुन्हा वाचली. "लहरींवरचं की. भोवऱ्यानं लहरींना किती ढकललं ते काढलंय."

"मी भोवऱ्यावरचं काढलंय. लहरींनी भोवऱ्याला किती ढकललं ते."

एकानं दुसऱ्याला जेवढं उजवीकडे ढकलावं, तेवढंच दुसऱ्यानं त्याला डावीकडे. शाळेतलं पोरगंही सांगेल. चूक कुणाचीच नव्हती. आमचं दोघांचं उत्तर एकच होतं. तो मोठ्यांदा हसला, टेबलावर थाप मारली, आणि त्या एका क्षणापुरता तो दिवाळीच्या आधीचा तोच मुलगा होता. "एकच हाय की गं!" तो म्हणाला. मीही हसले. देवाशपथ सांगते, मीही हसले.

मग त्याचं हसू हळूहळू गेलं. त्यानं पानांच्या कडा सारख्या केल्या आणि खाली बघत म्हणाला, "मी आईला तुझं नाव सांगितलं होतं. आई लई रडली, पण शेवटी म्हणाली, तिकडचे हो म्हणत असतील तर बघू. मामा थांबायला तयार नव्हता. मी म्हणालो, सोमवारपर्यंत थांबा, मग त्याच्या पुढच्या सोमवारपर्यंत. तू कागद आणेनास. गोड बोलायलीस. चटणी काय द्यायलीस, आईचं काय विचारायलीस. मग मी समजलो." आणि मग त्यानं मान वर केली. "तुझ्या घरचं उत्तर काय आलं शेवटी?"

मला किती वेळ मिळाला असेल उत्तर द्यायला? तेवढ्यात मला खूप काही दिसलं. मी 'हो म्हणाले' असं म्हटलं तर तो उठला असता आणि साखरपुडा मोडून आला असता, तसा होताच तो. मग ओसरीत कांड्या भरणारी ती पोरगी, जिनं माझ्या साडीचा काठ छान आहे म्हटलं होतं, तिचं काय झालं असतं? आणि ज्यानं वाढवलं त्या मामाच्या घरातून त्याची आई कुठे गेली असती? किंवा तो उठला नसता. खाली मान घालून बसून राहिला असता, आणि ते बघायची माझ्यात ताकद नव्हती. दोन्हींतलं काहीही झालं असतं तरी त्याला आयुष्यभर माहीत राहिलं असतं की माझ्या बापानं हो म्हटलं होतं आणि त्यानं फक्त माझ्या गोड बोलण्यावरून ते नाही ठरवलं.

नियम होता, दुसऱ्याचं उत्तर बघून आपलं बदलायचं नाही. मी त्याचं उत्तर सकाळी पेढ्यातच बघितलं होतं.

"नाही म्हणाले," मी म्हणाले.

त्यानं डोळे मिटले. वाईट वाटल्यामुळे, आणि थोडं सुटल्यामुळेही. ते सुटणं मी बघितलं आणि त्याचा मला इतका राग आला, इतकं प्रेम आलं, की मी खिडकीकडे तोंड फिरवलं. "वाटलंच होतं," तो म्हणाला. दोघांची पानं त्यानं एकत्र टाचली आणि माझ्याकडे दिली. ती आम्ही पुढे कुठे छापायला पाठवली नाहीत. परदेशात तोवर कुणीतरी ते काम आमच्यापेक्षा चांगलं करून ठेवलं होतं, आणि वाद तरीही मिटला नव्हता.

संध्याकाळच्या गाडीनं मी होटगीला आले. सदऱ्याला इस्त्री करून आणली होती. का आणली ते माहीत नाही. सांगितलं होतं म्हणून आणली.

वडील दारातच होते. त्यांनी अंगण झाडून त्यावर पाणी मारलं होतं, जन्मात कधी न मारणारा माणूस. "काय म्हनला? येतोय का रविवारी?"

"नाही येणार," मी म्हणाले. "त्याचं लग्न ठरलं. मामाच्या मुलीशी."

त्यांनी माझ्या हातून सदरा घेतला. मग हळूच विचारलं, "कवा ठरलं?"

गुरुवारी, असं खरं उत्तर होतं. गुरुवारी ते जेऊरला भावाच्या दारात उभे होते. त्यांनी लगेच वाराला वार जुळवून पाहिला असता. आठ दिवस आधी तोंड उघडलं असतं तर, असं ते मरेपर्यंत मनात घोळवत बसले असते. एका दिवसात दुसऱ्यांदा मी समोरच्या माणसाकडे बघून उत्तर बदललं.

"दिवाळीतच ठरलं होतं," मी म्हणाले. "मला आज कळलं."

"दिवाळीत?" त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत माझ्यावर न चढलेला आवाज. "आनि तुला ठावं न्हाय? एका खोलीत काम करता आनि इचारलं न्हाईस तू? मी तितं जाऊन थोरल्याला काय बोललो ठावं हाय का तुला? कशापायी बोललो मी?"

मी आत गेले, परात घेतली, पीठ घेतलं. पाणी घालायच्या आधीच ते ओलं व्हायला लागलं. मला आवाज न करता रडता येत नाही, कधीच आलं नाही, त्यामुळे ते बाहेर ऐकू गेलं असणार. आई गेल्यानंतर मी त्या घरात पहिल्यांदा तशी रडत होते. मला तो हवा होता. मला त्याचं ते तोंडातल्या तोंडातलं तेलुगू हवं होतं, म्हातारपणापर्यंत. आणि मी ते दोन अक्षरांत संपवून आले होते.

थोड्या वेळानं वडील स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांचा राग गेला होता. त्या मुलाबद्दल काही बोलावं हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं, ते शब्द त्यांच्याकडे कधी नव्हतेच. ज्या दुःखाची समजूत घालता येत होती, त्याचीच त्यांनी घातली.

"रडू नगंस," ते म्हणाले. "भाऊच हाय की माजा त्यो. बोलंल परत."

मी मान हलवली आणि पीठ मळायला लागले.